तेल काढलेलं बी

ताट पाहून रागिणीला शिसारी आली. पाण्यात उकडलेला दुधी, त्यावर भुरभुरवलेलं मीठ, कोरडी ठणठणीत भाकर आणि वाटीत वरणाच्या नावाखाली पिवळं पाणी. फोडणीचा पत्ता नाही, तुपाचा थेंब नाही. दुधीच्या फोडी गार होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांना ओल्या फडक्यासारखा वास येत होता. बरं, हे ताट कुणाच्या घरचं? अकोल्याच्या जुन्या शहरात तीन पिढ्या तेलघाणी चालवणाऱ्या नत्थुजींच्या घरचं. जिथे भिंतीला टेकून बसलं की सदऱ्यावर डाग पडतो आणि वांग्याच्या भाजीवर बोटभर तवंग नसला तर पुरुषमाणूस ताटाला हात लावत नाही, त्या घरचं!

ताटामागे तिची माय बसली होती, मनकर्णाबाई. औषधानं केस गेलेलं डोकं पदरात गच्च गुंडाळलेलं, गाल आत ओढलेले. घास उचलला की हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरत. ती एकेक घास मिटल्या डोळ्यांनी चावत होती आणि गिळताना मान पुढे काढत होती.

"माय, हे काय खाऊन राह्यली तू?"

"जेवून राह्यली बाई. दिसत नाई का?"

"तेल काहून नाई यात?"

मायनं पुढचा घास मोडला. उत्तर आलं चुलीजवळून. माणिकबाई आत्या, नत्थुजींची थोरली बहीण, तिथे राखणदारासारखी बसली होती. "आता घ्या! तेल कसं राहीन? तुहाच तं इलाज हाय हा. तीन महिने झाले, थेंब नाई जाऊ देल्ला मी तिच्या पोटात."

हे आत्या अशा तोऱ्यात म्हणाली, की रागिणीला क्षणभर कळेचना, ही कौतुक करतेय की चेष्टा.

मायच्या छातीत गाठ निघाली ती जुलैत. अमरावतीच्या डॉक्टर शाहनवाज यांनी सांगितलं होतं, आधी औषधाचे डोस देऊन गाठ लहान करू, मग काढू. दर एकवीस दिवसांनी एक डोस. पहिला ऑगस्टअखेर झाला, दुसरा सप्टेंबरात. गाठ आक्रसू लागली होती, पण मायचं वजन अठ्ठावन्नवरून एक्कावन्नवर आलं होतं. डॉक्टरांनी रागिणीला बाजूला घेऊन बजावलं होतं, "ताई, यांना खायला घाला. काटा पंचेचाळीसच्या खाली गेला तर तिसरा डोस मी देणार नाही. शरीराला झेपणार नाही आणि डोस लांबला की गाठ डोकं वर काढेल." तिसरा डोस परवा, मंगळवारी होता.

दर खेपेला माय आदल्या दिवशी अमरावतीला येई, राजापेठेत रागिणीच्या खोलीवर एक रात्र राही. रागिणी तिच्यासाठी तुपातला शिरा करी. माय वाटी बाजूला सारून म्हणे, "मळमळते वो." रागिणीला वाटे, औषधानं मळमळतं. मळमळणारच. सात वर्षं याच रोगाचा अभ्यास करणाऱ्या बाईला समोर बसलेली स्वतःची माय उपाशी आहे, हे ओळखू आलं नाही. एवढं शिकून ही अक्कल!

खरं तर तेलाची किळस असलीच तर ती रागिणीला असायची. लहानपणी शाळेतल्या पोरी तिच्या वेणीजवळ नाक नेऊन एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. वह्यांच्या कडा तेलकट, दप्तर तेलकट, उन्हाळ्यात घाम आला तरी त्यालाही ढेपेचा वास. घाणीतून तेल निघाल्यावर बियांचा जो चोथा उरतो, ती ढेप. गायी-म्हशींना ती पक्वान्न, पण रागिणीला त्या वासानं उमासे यायचे. या सगळ्यापासून पळायचं म्हणून ती शिकली, शिकत राहिली, अमरावतीच्या प्रयोगशाळेत पोचली. आणि तिथे नशिबी काय आलं? चरबी.

कॅन्सरच्या गाठीत लाखो पेशी असतात. औषध दिलं की बहुतेक मरतात, गाठ बसते, घरचे पेढे वाटतात. पण थोड्या पेशी मरत नाहीत. त्या दबा धरून राहतात आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा गाठ उभी करतात. यांना मूळपेशी म्हणतात. रागिणी काचेच्या बाटलीत पेशी वाढवायची, त्यांना औषध घालायची, उरतील त्यांना तांबडा रंग द्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. त्या उरलेल्यांच्या पोटात चरबीचे लालभडक थेंब ठासून भरलेले असत. बाकीच्या पेशी साखरेवर भागवतात. या चिवट पेशी चरबी साठवतात, अडचण आली की तीच जाळून तग धरतात. चरबी जाळण्याची ही त्यांची सोय बंद पाडणारं एक रसायन बाटलीत टाकलं, की त्याही मरत. तिचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं होतं. आणि हे सगळं बाटलीत. बाटलीत बाई नसते, तिला भूक लागत नाही, तिचं वजन उतरत नाही.

पण मार्च महिन्यात, अकोल्याला समाजाच्या मंडळानं गुणवंतांचा सत्कार ठेवला तेव्हा, रागिणी हे शेवटचं वाक्य बोलली नव्हती. मंडळाचे अध्यक्ष गोवर्धनभाऊ यांनी "कॅन्सरचं औषध शोधून काढणारी आपली लेक" अशी तिची ओळख करून दिली. तिनं ती दुरुस्त केली नाही. शाल अंगावर पडली होती, टाळ्या वाजत होत्या. गोवर्धनभाऊ कानाशी लागून म्हणाले, "सोपं करून सांगजो बेटा, समदे आपलेच लोक हायेत." मग तिनं सोपं केलं. इतकं सोपं केलं की पुसता सोय नाही. ती म्हणाली, औषध उभं पीक मारतं, पण बी जमिनीत राहतं. आपल्याला ठाऊक आहे, तिळात तेल असतं, करडईत तेल असतं, जवसात असतं. ते तेल कशासाठी? कोंब फुटायला. कॅन्सरच्या बियांतही तसंच तेल असतं. ते तेल तोडलं, की बी मेलं.

पहिल्या रांगेत नत्थुजी बसले होते. लेक आजवर जे जे शिकली त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नव्हतं आणि त्याची त्यांना आतून लाज वाटत असे. त्या दिवशी मात्र लेक त्यांच्या घाणीची भाषा बोलत होती. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. रागिणीनं ते पाहिलं आणि ती फुशारली. आता त्या फुशारकीची आठवण होऊन तिला स्वतःच्याच तोंडात काहीतरी नासल्यासारखं वाटलं.

"बाबा कोठी हायेत?"

"घाणीवर," आत्या म्हणाली. "अन् तिले उठवू नको, ताट पुरं करू दे."

रागिणीनं मायच्या पुढचं ताट उचललं आणि तसंच मोरीत उपडं केलं. आत्या बोंब ठोकत राहिली. पितृपक्षाचे दिवस होते, शेजारच्या घरी वडे तळले जात होते आणि त्या वासानं मायच्या नाकपुड्या हलत होत्या. रागिणीनं तिला हाताला धरून मागच्या घाणीकडे नेलं.

घाणी त्या दिवशी बंद होती. त्या वर्षी आठवड्यातून दोन दिवस फिरली तरी पुष्कळ. जिकडेतिकडे कपाशी आणि सोयाबीन. करडई, जवस पेरणारा माणूस शोधून सापडत नव्हता, त्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं डोळे वटारलेले. मुंबईहून दुष्काळाच्या पाहणीला येणारे साहेब बांधावर उभे राहून फोटो काढत, गावात वांग्याची भाजी चापून जेवत आणि जात. घाणीला मात्र बी मिळत नव्हतं. नत्थुजी रिकाम्या पोत्यांवर बसून लोखंडी वजनं चिंध्यांनी पुसत होते. चाळीस वर्षं त्यांनी मापात पाप केलं नव्हतं आणि ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

"बाबा, मायले काट्यावर उभं करा."

नत्थुजी लगेच उठले. पोती तोलायच्या काट्यावर त्यांनी बायकोला सवयीनं उभं केलं, वजनं टाकली, दांडी स्थिर होऊ दिली. रागिणीच्या लक्षात आलं, की हे पहिल्यांदा होत नाहीये. माय कुठे पाय ठेवायचा ते न सांगता ठेवत होती.

"साडेत्रेचाळीस," नत्थुजी म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाह्य बरं! गेल्या आयतवारी पंचेचाळीस व्हती. निघून राह्यलं."

"काय निघून राह्यलं?"

"तेल." नत्थुजींनी कोपऱ्यातल्या ढेपेचा एक तुकडा उचलून तिच्या हातावर ठेवला. "हे पाह्य. यात बी हाय ना? समदं बीच हाय. पण पेर याले, पानी दे, खत दे. कोंब निघते का? नाई निघत. काहून का तेल निघून गेलं. तुनंच सांगतलं व्हतं समद्याइसमोर. मी त्याच दिवशी समजलो. अंगात तेलच नाई राह्यलं तं त्या बियाले कोठून भेटीन? गाठ कमी नाई झाली का? डॉक्टर म्हनते औषधानं झाली. म्हनू दे."

रागिणीला ढेपेचा तो वास आला आणि तिनं तुकडा पोत्यावर टाकला. बापाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहवेना. माणूस बायकोला घाणीत घालून पिळत होता, आणि तेही प्रेमानं. आणि ही युक्ती त्याला सुचवली कुणी? व्यासपीठावरून, शाल पांघरून, हिनंच.

"तुमी मले एका शब्दानं इचारलं नाई?"

"इचारून कायले? तू म्हनली असती, अजून सिद्ध नाई झालं, थांबा. शिकेल लोक असेच घाबरतेत. तवरिक ही गेली असती."

यावर खरं उत्तर लांबलचक होतं. शरीराला बाहेरून चरबी मिळाली नाही, तर ते अंगातली साठवलेली चरबी वितळवून रक्तात सोडतं. त्या पेशी रक्तातली चरबी ओढून घेऊ शकतात, आणि नाही मिळाली तर साखरेपासून स्वतःची स्वतः बनवूही शकतात. म्हणजे उपासानं आधी माणूस संपतो. त्या पेशींचं काय होतं, हे अजून कुणाला नीट ठाऊक नाही; कदाचित त्यांचं फावतही असेल. इतकंच तिला म्हणता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे मायच्या कोपराकडे घसरणाऱ्या बांगड्या होत्या, आणि रागानं तिचं डोकं भणभणत होतं.

"पंधरा किलो गेलं ना अंगातलं?" ती म्हणाली. "ते कोठी गेलं, ठाऊक हाय? मानसाले उपाशी ठेवलं का अंगातलं तेल रक्तात उतरते. अन् ते कोन पेते? थेच बी. तुमी तिचं तेल काढून त्याइलेच पाजलं, बाबा."

नत्थुजींच्या हातातलं वजन तसंच राहिलं. त्यांनी एकदा काट्यावर उभ्या बायकोकडे पाहिलं. मग खाली बसले. "मी पाजलं?" एवढंच म्हणाले.

बोलून गेल्यावर रागिणीला स्वतःची किळस आली. पुन्हा तेच. पुन्हा 'कदाचित' गाळून टाकलं, पुन्हा सोपं करून सांगितलं. मार्चमध्ये टाळ्यांसाठी, आता राग काढण्यासाठी. पण ते परत घ्यायला ती थांबली नाही. मायनं जेवायला हवं होतं आणि नवऱ्यानं सांगितल्याशिवाय माय जेवणार नव्हती. नत्थुजींनी मान खाली घालूनच सांगितलं, "मनकर्णे, खाय."

सांगितलं म्हणून पोट थोडंच ऐकतं! तीन महिने तेलाचं तोंड न पाहिलेल्या आतड्यांत तुपाचा पहिला घास गेला आणि उलटून आला. रागिणीनं पातळ खिमट केलं, चमच्यानं भरवलं, तेही अर्धं बाहेर. सोमवारी अमरावतीच्या खोलीवर तिनं मऊ वरणभात, दूध, शेंगदाण्याचं कूट, जमेल ते दर तासाला दोन-दोन घास पोटात घातलं. उलटीचं पातेलं धुताना तिला स्वतःला ओकाऱ्या येत. दाणे, दूध, पित्त, सगळ्याचा मिळून एक आंबूस वास हाताला बसला होता, तो साबणानं जाईना. नत्थुजी सोबत आले होते. ते दाराशी बसून राहिले, ना बोलले ना जेवले. माय रात्री दोन वाट्या खिमट टिकवून झोपली तेव्हा रागिणीला वाटलं, उद्याच्या दिवसाला काट्यानं चव्वेचाळीस जरी गाठले तरी डॉक्टरांच्या पाया पडता येईल.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात फलक नावाच्या नर्सनं नाव पुकारलं. मायनं त्या दिवशी ठेवणीतलं जाड नऊवारी लुगडं नेसलं होतं. नत्थुजी तिला दंडाला धरून काट्यापर्यंत घेऊन गेले आणि तिथून हलले नाहीत.

"पंचेचाळीस सातशे," फलक म्हणाली आणि कागदावर लिहू लागली. "छान, वाढलं की मावशी."

रागिणीच्या जिवात जीव आला. तो अर्धा मिनिटभर टिकला. मग तिच्यातली प्रयोगशाळेतली बाई जागी झाली. दीड दिवसात सव्वादोन किलो? जे पोटात राहिलं ते सगळं तोललं असतं तरी पावशेर भरलं नसतं. तिनं बापाकडे पाहिलं. नत्थुजी छताकडे बघत होते. माय काट्यावरून उतरली आणि उतरताना तिचा एक हात पोटाजवळच्या निऱ्यांखाली आधार दिल्यासारखा गेला.

रागिणीला गप्प राहता आलं असतं. फलकनं आकडा लिहिला होता, सलाइनची बाटली तयार होती. गाठीला तीन आठवड्यांची मोकळीक मिळाली नसती. पण औषध मोजून द्यायचं ते या आकड्यावर, आणि जायचं ते साडेत्रेचाळीस किलोच्या बाईच्या अंगात, जिच्यात आता विष पेलायला मांस नव्हतं. रागिणी पुढे झाली आणि सगळ्यांदेखत तिनं मायच्या ओच्यात हात घातला. आत फडक्यात बांधलेलं दोन किलोचं लोखंडी वजन होतं. घाणीवरचं. दरवर्षी सरकारी माणसाकडून तपासून घेतलेलं, त्याचा शिक्का असलेलं. अंगाच्या उबेनं ते कोमट झालं होतं.

बाकावरचे लोक उठून बघू लागले. एक बाई हसली. डॉक्टर शाहनवाज बाहेर आले, त्यांनी रागिणीच्या हातातलं वजन पाहिलं, मग नत्थुजींना पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाबूजी," ते म्हणाले, "या लोखंडाला मी कोणता डोस देऊ, सांगा."

डॉक्टरांनी मायला पुन्हा काट्यावर उभं केलं. त्रेचाळीस सातशे. त्यांनी कागदावरचा आकडा खोडला. आज डोस नाही. आजच दाखल करायचं, नळीनं अन्न द्यायचं, रक्त तपासत राहायचं, अंगात जोर आला की पुढचं बघू.

"तोवर गाठ वाढेल?" रागिणीनं विचारलं.

"वाढू शकते. खोटं नाही बोलणार ताई. तुम्ही तर यातल्याच आहात."

या वाक्यानं तिला चपराक बसावी तसं झालं. मायला बाकावर बसवून ती बापावर उसळली. लोक बघतायत, याचं भान राहिलं नाही. "चाळीस वर्षं मिरवलं ना, मापात पाप नाई केलं म्हून? अन् आता कोठी केलं? बायकोच्या जिवाशी? लाज नाई वाटली? आधी उपाशी मारलं, मंग लोखंड बांधून उभं केलं. मले वीट आला तुमचा. समद्याइचा वीट आला."

नत्थुजी भिंतीला पाठ लावून उभे होते. लेकीनं मारलं असतं तरी त्यांनी हात वर केला नसता.

"त्याइले नको बोलू," माय म्हणाली.

"तू गप राय माय."

"मी गप राह्यली म्हून तं हे झालं." मायनं पदर सारखा केला. आवाज बारीक होता, पण ठाम होता. "वजन मी मागतलं त्याइले. ते नाई म्हनत व्हते. रडले. मी म्हनलं, डोस नाई भेटला तं रागिणीचं नाव जाईन."

"माहं नाव?"

"लोक येतेत ना घरी. मले पाहाले. रागिणीचा इलाज लागू पडला का म्हून इचारतेत, तुहे फोटो दाखवतेत पेपरातले. मी म्हनो, हाव, लागू पडला. कसं नाई म्हनू? मी तेल खाल्लं असतं अन् गाठ वाढली असती तं लोक म्हनले असते, पोरीच्या शिकण्यावर मायचाच इस्वास नाई." ती थांबली. "भूक लागे वो मले. लय लागे. शेजारी तळण निघालं का मी उशीत तोंड खुपसून पडो. मळमळ बिळमळ काई नव्हतं, तुह्या घरी पन. तुहा शिरा पाहून मले रडू ये."

रागिणी बाकावर मायजवळ बसली. तिच्या मांडीवर ते दोन किलोचं वजन तसंच होतं, ठेवायचं कुठे ते तिला सुचत नव्हतं. सात वर्षांत तिनं मोजलेल्या हजारो तांबड्या थेंबांमध्ये ही एक गोष्ट कुठेच नव्हती, की माणूस दुसऱ्याच्या नावासाठी भूक गिळतो. आणि मायच्या बोलण्यातला एक शब्द तिच्या डोक्यात काट्यासारखा टोचत राहिला.

"कोनते लोक येतेत, माय?"

मायनं नवऱ्याकडे पाहिलं. नत्थुजींनी नजर चुकवली.

"नुसते पाहाले येतेत का?" रागिणी उठली. "बाबा, मायकडे पाहू नका. माह्याकडे पाहा. ते कायले येतेत?"

"ज्याइच्या घरी हाय हा रोग," नत्थुजी म्हणाले. "गोवर्धनभाऊ पाठवे त्याइले. म्या तं पैसा नाई घेतला कोनाचा. पुन्याचं काम समजून सांगतलं."

"काय सांगतलं?"

"तेल बंद करा म्हून."

बाकावर बसलेली माणसं आता उघड उघड कान देऊन ऐकत होती. आतून फलकनं मायचं नाव पुकारलं. दाखल करायचे कागद तयार झाले होते, सही लागणार होती. रागिणीनं तिला हातानंच थांबायला सांगितलं आणि पर्समधून फोन काढला.

"नावं सांगा. एकेक."

नत्थुजींनी उजवा हात समोर धरला आणि करंगळी मिटली. "मोर्शीचा पंजाबराव. त्याच्या घरवालीले हाय." दुसरं बोट मिटलं. "परतवाड्याचा तौहीद, सरकी आनते तो. त्याची माय." तिसरं मिटताना त्यांना जरा आठवावं लागलं. "देवीदास मास्तर. त्याइले सोतालेच हाय, घशाचा." मग चौथं. "मास्तरच्या शेजारची गोदाबाई." अंगठा तसाच उभा राहिला.

"अन्?"

"रिद्धपूरची एक बाई व्हती. ढेप न्याले आलती, तिनं बसून समदं इचारून घेतलं. संगं लहान लेकरू व्हतं." अंगठा मिटला. "नाव नाई मालूम तिचं."

मूठ पूर्ण झाली होती. नत्थुजींनी ती खाली केली आणि डावा हात पुढे धरला.